जाणारा आवाज

फटाका फुटला की तुम्ही-आम्ही कानावर हात ठेवतो. मन्मथअप्पा आधी जमलेल्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघतात, मग डोळे मिटतात आणि निकाल देतात, "ह्यो शेवंताच्या हातचा. सकाळी नवऱ्यासंगं भांडून आलीय बगा, सुतळी लई आवळलीय!"

शेवंताबाई त्यांच्याच कारखान्यात सुतळी बॉम्ब गुंडाळतात. विचारलं तर खरंच भांडण झालेलं असायचं. आता शेवंताबाईंचं भांडण रोजच होतं ही गोष्ट वेगळी, पण त्यामुळं आमच्या तेरखेडा गावात अप्पांच्या कानाचा दरारा होता.

हायवेच्या कडेला अप्पांचं फटाक्यांचं दुकान आणि त्याला लागून माझा फोटो स्टुडिओ. लग्नाच्या तिथी दाट असल्या की त्यांचे बॉम्ब आणि माझा ड्रोन एकाच वरातीत भेटायचे. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. "ओ फोटोवाले!" म्हणायचे, आणि हायवेच्या पलीकडचा चहावालासुद्धा वळून बघायचा. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही. बायको गेल्यापासून घरात एकटे, तर टीव्हीशीही ओरडूनच बोलतात.

त्या मे महिन्यात सीमेवर लढाई जुंपली आणि ऐन लग्नसराईत आम्हा दोघांचाही धंदा बसला. फटाक्यांना बंदी, ड्रोनला बंदी. मी कपाळाला हात लावून बसलो. अप्पा मात्र नवरदेवासारखे फुलले!

"फोटोवाले, आता कळली का आपली किंमत? आजवर सरकार आपल्याला इचारत न्हवतं. आता तुमच्या ड्रोनला आन् माज्या बॉम्बला भ्यायलंय!"

माल गोदामात कुलपाआड गेला आणि रिकाम्या फळीवर टीव्ही आला. आवाज पूर्ण वर. कळंबच्या बाजाराला निघालेली माणसं मोटारसायकली थांबवून दुकानापुढं उभी राहायला लागली. पडद्यावर धूर उठला की सगळे अप्पांकडं बघायचे, आणि अप्पा सगळ्यांकडं. मग निकाल, "जाणारा हाय. आपला." म्हणजे गोळा आपल्याकडून तिकडं चाललेला. पुढचा स्फोट, "ह्यो बी जाणारा." अख्ख्या लढाईत समोरून येणारा गोळा अप्पांना एकदाही सापडला नाही. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "तुमी फोटो काढा. आवाज माजं काम हाय."

खरं तर काळजी करायची तर त्यांनीच करायला हवी होती. त्यांची एकुलती एक लेक रेखा तान्ह्या बाळाला घेऊन जम्मूत, लष्करी क्वार्टरमध्ये. जावई पुढं सीमेवर गेलेला. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा. अप्पा फोन पार नाकाजवळ धरायचे. बोलता बोलता तिकडं रेखा दचकली की हे लगेच ओरडायचे, "जाणारा हाय ग! आपला!" आणि तिचा चेहरा सैल पडायचा. लहानपणी बॉम्बला भिऊन बापाच्या धोतराआड लपणारी पोर ती. बापानं सांगितलं म्हणजे संपलं.

एका दुपारी हायवेवर असा दणका झाला की दुकानातल्या फळ्या हादरल्या. निम्मं गाव धावत अप्पांकडं. बंदोबस्तावरचे जमादारही आले. अप्पांनी सगळ्यांची पांढरीफटक तोंडं निरखली, डोळे मिटले आणि छाती काढून म्हणाले, "भ्यायचं कारन न्हाय. माज्याच कारखान्याचा बॉम्ब हाय. असा दनका दुसऱ्या कुनाला जमतच न्हाय!"

जमादार म्हणाले, "बंदी असताना तुमचा माल फुटला म्हणता? चला मग चौकीत."

अप्पा चपला शोधायला लागले, तेवढ्यात एक ट्रक ड्रायव्हर जॅक मागायला आला. टायर फुटलं होतं. लोक हसून हसून बेजार झाले. अप्पा मात्र संध्याकाळपर्यंत घुश्शातच होते. "टायर म्हनून सुटन्यापरीस चौकीत गेलो असतो तर बरं झालं असतं," असं त्यांचं मत पडलं.

त्याच संध्याकाळी रेखाचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. ती बाळाला मांडीवर घेऊन जावयाची खुशाली सांगत होती. एकदम फोनमधून धडाका आला, खिडकीच्या काचा खळाळल्या आणि तिकडचे दिवे गेले. उजेड बाहेर दिसू नये म्हणून तिनं फोनही ओढणीखाली झाकला असावा. पडदा काळाकुट्ट झाला. आतून फक्त तिचा आवाज येत राहिला.

"अप्पा, ह्यो कुठला ओ? लई जवळ वाटला. अप्पा, सांगा की!"

अप्पांनी फोन हलवून बघितला, पडदा अंगठ्यानं पुसला. मग तो माझ्या हातात कोंबला आणि माझ्या ओठांवर नजर रोखून विचारलं, "काय म्हनती?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. फटाक्यांच्या दारूत जन्म गेलेल्या या माणसाचे कान कधीचेच गेले होते, आणि इतकी वर्षं तो आमची तोंडं वाचून निकाल देत होता. मी ओठ नीट हलवत म्हणालो, "विचारतेय, जवळ झाला का?"

"झाला का?"

मला खोटं बोलवेना. मी होकारार्थी मान डोलावली. झाला होता.

अप्पांनी फोन ओढून घेतला. आवाज खणखणीत. "रेखे! जाणारा हाय! लई लांबचा हाय, आपला हाय! लेकराला पाज आन् निवांत पड!"

पलीकडं ती नाक ओढत हसली. "बरं अप्पा," म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हनली?"

"बरं म्हणाली. हसली."

"हसली? नक्की?"

"नक्की."

खांद्यावरच्या टॉवेलनं त्यांनी तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "उद्या सांच्याला काय काम हाय का तुमाला?"

ड्रोन कपाटात ठेवून बसलेल्या माणसाला कसलं काम असणार? मी मान हलवून नाही म्हटलं.

"मंग या हितंच. कुनाला सांगू नका. तिकडं दिवे गेले की मला लेकीचं काईच ऐकू येत न्हाय."