वझलवार काकांची मागची गाडी

शनिवारी सकाळी पार्सिपनीत कुणी गाडीच्या मागे उभं राहून "डावा दिवा लागला! उजवा लागला! ब्रेकचा लागला!" असं ओरडत असेल, तर तो मी. ओरडायला लावणारे आमचे शेजारी वझलवार काका. नागपूर सोडून इथे परदेशात येऊन तीस वर्षं झाली, इंजिनिअर म्हणून रिटायर झाले, पण विजेवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "करंट दिसत नाही ना बाप्पा, म्हणून तपासून राहिलो," हे त्यांचं पालुपद.

काकांनी जुनं मोटरहोम घेतलं होतं. राहायचं-झोपायचं त्यात, आणि मागे आपली छोटी गाडी चारही चाकांवर ओढत न्यायची. पुढे ब्रेक दाबला की मागच्या गाडीचे दिवे लागले पाहिजेत, म्हणून वायरी टाकणं आलं. शिवाय स्टीअरिंग लॉक होऊ नये म्हणून किल्ली अर्धी फिरवून ठेवायची, म्हणजे वाटभर बॅटरी उतरत राहते. काकांनी रेडिओचा फ्यूज काढला, डिकीतला दिवासुद्धा काढला. तरी जिवाला स्वस्थता नाही.

"मुक्कामी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली पाहिजे. नाहीतर ट्रिप कॅन्सल!"

हे ऐकून काकूंचा चेहरा पडायचा. हिवाळ्यात त्यांची बायपास झाली होती. तेव्हापासून तळ्याकाठी चार दिवस राहायचं, एवढंच त्या मागत होत्या.

"पण काका, तिथे गाडी हवीच कशाला?" मी वैतागून विचारलं.

"दूध आणायला."

दुधासाठी माझे सहा शनिवार गेले!

शेवटी चार तासांची चाचणी फेरी ठरली. काका रस्ता कमी आणि मागचा कॅमेरा जास्त बघत होते. शेजारी बसून माझा जीव टांगणीला. परतल्यावर त्यांनी मागच्या गाडीत बसून किल्ली फिरवली. टक. पुन्हा टक. गाडी सुरू होईना.

मी आत डोकावलो. सीटखाली वायरवर गरम राहणारा डबा, वायर सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये. डब्यात विरजण!

"अहो, अजून गारठा आहे, दही लागत नाही," बाहेर आलेल्या काकू पुटपुटल्या. "दह्याशिवाय तुमचा घास उतरत नाही, आणि मोटरहोमच्या सॉकेटला तुम्ही हात लावू देत नाही."

मला हसू फुटलं. काका मात्र पांढरेफटक पडले होते.

"त्या दिवशीही असंच टक वाजलं होतं," ते म्हणाले. "तू सोफ्यावर छाती धरून, आणि मी इथे किल्ली फिरवून राहिलो. अँब्युलन्स येईपर्यंत. तिथे रानात काही झालं, तर तुला कशात नेऊ?"

बायपासचं मला माहीत होतं, हे नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

माझ्या गाडीवरून केबल लावून गाडी सुरू केली. अर्धा तास झाला तरी काका इंजिन बंद करेनात. शेवटी काकू शाल गुंडाळून शेजारच्या सीटवर येऊन बसल्या.

"बंद करा आता."

"पुन्हा सुरू नाही झाली तर?"

"तर बसू दोघं इथेच. त्या दिवशी तुम्ही गाडीत होता. मी घरात एकटी होते."

काकांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढून काकूंच्या हातात दिली आणि विचारलं, "गुरुवारी निघायचं का?"