चार खुंट्या आणि मशीनचं तेल

शिवशरण बिराजदारांनी त्या रविवारी दुपारी बायकोला मदत करायचं ठरवलं. एवढंच. पुढचं सगळं रामायण या एका ठरवण्यातून घडलं. पण हेतू चांगला होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

चौतीस वर्षं कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर म्हणून काढून ते निवृत्त झाले आणि सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेऊन राहिले. चौतीस वर्षं त्यांच्या बायकोचं, धनलक्ष्मीचं, घड्याळ वर्कशॉपच्या भोंग्यावर चाललं होतं. भोंग्याआधी डबा, भोंग्यानंतर चहा. सोलापुरात भोंगा नव्हता. पहिले काही दिवस ती उगाचच पहाटे उठून बसायची. मग एका सकाळी म्हणाली, "मला व्हायोलिन शिकायचंय." (शिवशरणांना वाटलं, ही एखादी नवी भिशी असावी.)

छप्पन्नाव्या वर्षी तिनं अभिमन्यू सरांचा क्लास लावला. सर तिच्या निम्म्या वयाचे. दोन वर्षं ती नेमानं गेली आणि आज संध्याकाळी क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात तिला पाच मिनिटं मिळाली होती. राग भूप. आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर.

अडचण एकच होती. वाजवण्याआधी व्हायोलिन सुरात लावावं लागतं, म्हणजे डोक्याकडच्या चार लाकडी खुंट्या पिळून तारा ताणाव्या लागतात. खुंट्या घट्ट आणि धनलक्ष्मीच्या अंगठ्यात संधिवात. पिळताना ती हळूच "अय्यो" म्हणायची. स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलेल्या शिवशरणांना व्हायोलिनपेक्षा ते "अय्यो"च जास्त स्पष्ट ऐकू यायचं.

दुपारी धनलक्ष्मी साडी नेसवून घ्यायला खालच्या मजल्यावरच्या पायलकडे गेली. शिवशरणांनी व्हायोलिनची पेटी उघडली, चष्मा नाकावर घेतला आणि एक खुंटी फिरवून बघितली.

"जाम हाय," ते स्वतःशीच म्हणाले. "दोन वर्षांत ऑइलिंग न्हाय."

शिलाई मशीनच्या तेलाची कुपी कपाटातच होती. एका खुंटीला दोन थेंब सोडले, तर ती लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. शहाणा माणूस इथं थांबला असता. शिवशरणांनी उरलेल्या तिन्ही खुंट्यांना तेल पाजलं.

मग तार ताणायला गेले. पिळली तेव्हा ताणली, हात सोडला तशी घर्रकन सुटली. त्यांनी मोबाइलवरचं सूर दाखवणारं अॅप लावलं. अॅपनं लिहिलं, 'फ्लॅट', म्हणजे सूर उतरलेला.

"फ्लॅटच हाय की," शिवशरण म्हणाले, "पण तू सुराचं बोल."

अॅप फ्लॅटवरच अडून बसलं. दुसरी तार सुटली. मग तिसरी. चौथी सुटल्यावर तारांखाली उभी असलेली लाकडी घोडी टक्कन आडवी झाली आणि नेमकी तेव्हाच धनलक्ष्मी दारात येऊन उभी राहिली. आमसुली साडी, केसांत गजरा.

"काय पडलं?"

"घोडी."

"ती कशी पडंल?"

"तारा सैल झाल्या."

"का झाल्या?"

"खुंट्या फिरल्या."

"मला तर दोन वर्षांत धड फिरवता आल्या न्हाईत!"

"आता करंगळीनं फिरतेत की," शिवशरण म्हणाले. या वाक्यात थोडा अभिमान होता. तो चुकीच्या वेळी आला होता.

धनलक्ष्मीनं खुंटीचा वास घेतला आणि पलंगावर बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "सरांना कळवा," ती म्हणाली. "मला ताप आलाय. मी न्हाई जात. असंबी ह्या वयात स्टेजवर बसून लोकांना हसवायचं कशाला?"

शिवशरणांनी गॅलरीत जाऊन फोन लावला. पण तापाचा नव्हे.

"सर, एका माणसानं खुंट्यांना तेल लावलंय."

"तेल? कुणी?"

"हाय एक. ओळखीतला."

"काका, घट्टपणामुळंच खुंटी तार धरते हो. सगळं तेल कोरडं पुसा, खडू घासा, मग लावा. आणि त्या ओळखीतल्या माणसाला व्हायोलिनपासून लांब ठेवा."

शिवशरणांची चौतीस वर्षं जाम झालेलं सोडवण्यातच गेली होती. जाम असणं हेच एखाद्या वस्तूचं काम असू शकतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पायल ट्यूशन घ्यायची, तिच्याकडून खडू आणला. शिवशरण फरशीवर बसून एकेक खुंटी पुसू लागले, घासू लागले. थोड्या वेळानं पलंग करकरला. नवी साडी सावरत धनलक्ष्मी समोर येऊन बसली आणि तिनं घोडी धरली.

"आना हिकडं. मी पिळते."

"नगं. तू पिळताना अय्यो म्हणतीस."

धनलक्ष्मीचा हात थांबला. "म्हणून तेल लावलं व्हय?"

शिवशरणांनी खुंटीवर आणखी खडू घासला. त्यांच्या नाकावर खडू लागला होता. तिनं तो पदरानं पुसला, नव्या साडीच्या. "उठा आता. रिक्षा बघा."

हॉलमध्ये शिवशरण पहिल्या रांगेत बसले. श्वास खुंटीला टांगल्यासारखा. भूप सुरू झाला, लोक माना डोलवू लागले आणि तिसऱ्या मिनिटाला एक खुंटी घसरली. तार भुंऽऽ करत खाली गेली. शिवशरणांनी डोळे मिटले.

धनलक्ष्मीनं मात्र गज थांबवला नाही. एका हातानं त्याच तारेवर गज ओढत तिनं दुसऱ्या हातानं खुंटी हळूहळू फिरवली. सूर वर चढला, जरा पुढं गेला, मागं आला, डुलला आणि जागेवर बसला. अय्यो ऐकू आलं नाही. मग ती पुन्हा भूपात शिरली आणि शेवटपर्यंत गेली. टाळ्या थांबल्या तरी शिवशरण वाजवतच होते.

बाहेर चहाच्या टेबलापाशी बसप्पा नावाचे एक वयस्क श्रोते धनलक्ष्मीला हात जोडून म्हणाले, "ताई, सगळंच ग्वाड झालं. पण मधी तुमी ते पार खाली सोडलं अन् डुलवत डुलवत वर आणलं, ते लई भारी. कुणी बसवलं ओ?"

धनलक्ष्मीनं नवऱ्याकडं बघितलं. "ह्यांनी."

बसप्पांनी शिवशरणांचा हात हातात घेतला आणि दोनदा दाबला.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "तेवढंच जरा लांबवा."