बर्था आत्याने धरलेलं बोट

"लव्हर्न, अगं जरा बाहेर येतेस का? घाई नाहीये काही."

गॅरेजमधून आलेली ही हाक ऐकताच लव्हर्न टेशने हातातलं फडकं टाकलं आणि ती धावत सुटली. डेल्मार "घाई नाहीये" म्हणाला की पळायचं असतं, हे ती संसारात शिकली होती. मागे असंच घाई नसताना त्याने तिला बोलावलं होतं, तेव्हा कोठाराचं छप्पर पेटलेलं होतं.

डेल्मार फरशीवर गुडघे टेकून बसला होता. त्याचा डावा हात बर्था आत्याच्या सीटखाली गेलेला होता आणि चेहऱ्यावर चर्चमध्ये असतो तसा शांत भाव होता.

"काय झालं?"

"बोट अडकलंय."

"मग काढ."

"निघत असतं तर अडकलंय म्हणालो असतो का?"

बर्था आत्या म्हणजे डेल्मारचा सगळ्यात जुना बागेतला ट्रॅक्टर. शेतावर गडगडाट करत फिरणारा राक्षस नव्हे. गवत कापायला, बर्फ ढकलायला, बटाट्याचे वाफे उकरायला पूर्वी लोक घरोघरी घेत तो बुटका ट्रॅक्टर, ज्यावर बसलं की गुडघे हनुवटीशी गप्पा मारतात. चीज फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून डेल्मार असे ट्रॅक्टर कुणाच्या कोठारातून, कुणाच्या उकिरड्यावरून उचलून आणायचा, गंज खरवडायचा, रंगवायचा, आणि त्यांना आपल्या आत्यांची नावं द्यायचा. आजोबांना मुली भरपूर असल्यामुळे नावांची टंचाई अजून आलेली नव्हती. सकाळी खोकल्याशिवाय चालू न होणारा आणि एकदा अडून बसला की कुणाच्या बापाचं न ऐकणारा म्हणून या ट्रॅक्टरला बर्था आत्याचं नाव मिळालं होतं.

तिच्या सीटखालचा एक बोल्ट ढिला झाला होता. त्याचा नट आतल्या पोकळ लोखंडी पट्टीत असतो. बाजूच्या भोकातून बोट घालून तो आतून दाबून धरायचा आणि वरून बोल्ट पिळायचा. डेल्मारने हे काम पूर्वी अनेकदा केलं होतं. आजही बोल्ट घट्ट बसला. बोट त्याहून घट्ट बसलं.

आणि दिवस होता जत्रेचा.

हॅलम गावच्या जत्रेत दरवर्षी या छोट्या ट्रॅक्टरांची ओढ, म्हणजे वजन ओढायची स्पर्धा लागते. मागे लोखंडी घसरगाडी जोडायची. ती ओढत पुढे जावं तसं तिच्यावरचं वजन पुढे सरकतं आणि ती जमिनीत रुतत जाते. जो सगळ्यात लांब ओढेल तो जिंकला. पाहायला येतात फक्त स्पर्धकांच्या बायका, त्याही विणकाम घेऊन. म्हणून जत्रेचे अध्यक्ष डॅरिल फिंक यांनी यंदा जाहीर केलं होतं, की ही शेवटची ओढ. पुढच्या वर्षीपासून त्या मैदानावर मुलांना उड्या मारायला हवेचा किल्ला येणार. ते ऐकल्यावर दोन दिवस डेल्मारची जेवणावरची वासनाच उडाली होती. आजवर तो एकदाही जिंकला नव्हता, आणि आता जिंकायला हे एकच वर्ष उरलं होतं.

लव्हर्नने साबण लावला. मग लोणी लावलं. मग मक्याचं तेल ओतलं. शेवटी फ्रीजरमधल्या वाटाण्यांची पिशवी आणून सीटखाली कोंबली.

"आता एवढं सगळं घातलंस तर मीठही घाल," डेल्मार म्हणाला.

"बोलू नकोस. माझ्या काकडीच्या लोणच्याच्या बरण्या जत्रेच्या मांडवात पोचवायची वेळ झालीय, आणि तू इथे आत्याच्या मांडीवर बसलायस. ओढू का?"

"हळूच."

तिने ओढलं. डेल्मारची किंकाळी ऐकून शेजारचा रोलंड क्रूगर कुंपण ओलांडून आला. ओढ दरवर्षी रोलंडच जिंकायचा. चषक ठेवायला त्याने स्वयंपाकघरात वेगळी फळी ठोकली होती.

"काय चाललंय? लेका, स्पर्धेच्या दिवशी असा दाराआड लपून बसलायस?"

"बोट अडकलंय त्याचं," लव्हर्न म्हणाली.

"अरेरे! मी ओढून बघू? ओढायच्या कामात या गावात माझा हात कोण धरणार?"

"माझ्याकडे धरायला एकच हात मोकळाय," डेल्मार दात खाऊन म्हणाला, "आणि तो मी तुझ्या गळ्यासाठी राखून ठेवलाय."

शेवटी लव्हर्नने अग्निशमन दलाला फोन केला. गावचं दल म्हणजे हौशी माणसं, आणि त्यांची प्रमुख जोडी नावाची एक बाई, एरवी शाळेची बस चालवणारी. ती लाल गाडी घेऊन आली, खाली वाकली, टॉर्च मारला, आणि उठून लोखंड कापायचं यंत्र काढायला निघाली.

"ते कशाला?" डेल्मारने विचारलं.

"पट्टी कापते. दोन मिनिटांचं काम."

"बर्थाला हात लावायचा नाही! असं लोखंड आता जगात कोणी बनवत नाही."

"मग बोट कापू?"

यावर डेल्मार जरा जास्तच वेळ गप्प राहिला.

"डेल्मार!" लव्हर्न ओरडली.

"मी विचार नव्हतो करत. श्वास घेत होतो."

जोडीने डोकं खाजवलं. शनिवार असल्यामुळे गावचा दवाखाना बंद. रुग्णवाहिका आणि तिच्यावरची माणसं दिवसभर जत्रेच्या मैदानावर. म्हणजे रोग्याला जत्रेत न्यायला हवं. रोगी ट्रॅक्टरपासून सुटत नाही, म्हणजे ट्रॅक्टरही न्यायला हवा.

"माझ्या ट्रेलरवर चढवू," रोलंड म्हणाला. चषक नक्की असल्यामुळे त्याचं मन मोठं झालं होतं.

"ट्रेलरवर माणूस बसवून रस्त्यावर न्यायला कायद्याने बंदी आहे," जोडी म्हणाली.

"आणि ट्रॅक्टरवर?"

"ट्रॅक्टरवर माणसानेच बसायचं असतं."

झालं. जोडीने आणि रोलंडने मिळून डेल्मारला उचललं, फिरवलं, आणि हात न पिरगळता कसाबसा सीटवर ठेवला. डावा खांदा खाली, उजवा वर, डोकं एका बाजूला, असा तो वादळात वाढलेल्या झाडासारखा दिसत होता. पण उजवा हात सुकाणूपर्यंत पोचत होता आणि पाय आपापल्या जागी होते. लव्हर्नने किल्ली फिरवली. बर्था आत्या खोकली, रुसली, पुन्हा खोकली आणि सुरू झाली.

पुढे दिवे फिरवत अग्निशमनाची लाल गाडी, तिच्यामागे तिरका डेल्मार, त्याच्यामागे मोटारीत बरण्या मांडीवर घेतल्यासारख्या जपत लव्हर्न, आणि शेवटी ट्रेलरवर आपला चकचकीत ट्रॅक्टर घेऊन रोलंड. ही मिरवणूक माणसाच्या चालीने निघाली. मागे अडकलेल्या मोटारींना पुढे जाता येईना, तेव्हा त्याही मिरवणुकीत सामील झाल्या. लोक व्हरांड्यातून उठून उभे राहिले. कुणी टोपी काढली, कारण त्यांना ती अंत्ययात्रा वाटली. डेल्मार उजव्या हाताने सुकाणू धरून सगळ्यांना मानेने नमस्कार करत होता. तीही मान एकाच बाजूला हलत होती.

मैदानावर पोचेपर्यंत बातमी त्याच्यापुढे पळाली होती.

"टेशचा हात ट्रॅक्टरने खाल्ला म्हणे!"

"हात नाही, अर्धा खांदा. आणि आता म्हणे दोघांना वेगळं केलं तर दोघंही जाणार!"

"कोण दोघं?"

"तो आणि ट्रॅक्टर!"

डुकरांच्या शर्यतीचा मांडव ओस पडला. तळलेलं चीज हातात घेऊन माणसं बर्था आत्याभोवती गोळा झाली. एका म्हातारीने डेल्मारला स्वतःच्या हाताने लिंबाचं सरबत पाजलं. रुग्णवाहिका मात्र जागेवर नव्हती. पक्ष्यांच्या मांडवात एका पाळीव हंसाने परीक्षकाच्या पोटरीचा लचका तोडला होता, आणि त्याला टाके घालायला शहरात नेलं होतं.

"येईल तासाभरात," जोडी म्हणाली. "बर्फ लावून स्वस्थ बस."

तेवढ्यात भोंग्यावरून आवाज आला. छोट्या ट्रॅक्टरांची ओढ सुरू होत होती.

डेल्मारने लव्हर्नकडे पाहिलं. लव्हर्नने डेल्मारकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"मी काही बोललोच नाही."

"तुझे कान बोलतायत. लाल झालेत."

"लव्हर्न, हे शेवटचं वर्ष आहे गं. पुढच्या वर्षी इथे पोरं उड्या मारणार. आणि मी बसलोयच ट्रॅक्टरवर. एरवी मला चढायला किती वेळ लागतो तुला माहितीय."

लव्हर्नने वितळलेल्या वाटाण्यांची पिशवी काढून घेतली आणि त्याची टोपी सरळ केली. टोपी सरळ झाली की तो आणखी तिरका दिसायचा, म्हणून तिने ती पुन्हा वाकडी केली. "जा," ती म्हणाली.

डॅरिल फिंक कपाळाचा घाम पुसत आले. त्यांनी पुस्तिकेतले नियम चाळले. "चालकाने बसून राहावं. एक हात सुकाणूवर असावा." त्यांनी डोकं वर केलं. "दुसऱ्या हाताबद्दल काही म्हटलेलं नाही बुवा." मग त्यांची नजर मागे गेली आणि तोंड उघडंच राहिलं. बाकं भरली होती. बाकांच्या मागे माणसं उभी होती. कुंपणावर माणसं बसली होती. विणकामवाल्या बायकांना कोणी तरी सरका म्हणत होतं.

जोडी मात्र अडून बसली. "घसरगाडीवर मी बसणार. इंजिन बंद करायची दोरी माझ्या हातात. तो कळवळला तर मी ओढणार."

"तो नेहमीच कळवळतो," रोलंड म्हणाला.

एकेक जण ओढून गेला. रोलंडने नेहमीप्रमाणे सगळ्यांना मागे टाकलं, आणि माती झटकत, खिशात हात घालून तो डेल्मारची मजा बघायला उभा राहिला. त्याला घाई नव्हती. बर्था आत्याची खोड साऱ्या हौशी मंडळींना पाठ होती. निम्म्या वाटेत तिचं डावं चाक हलकं व्हायचं, जागच्या जागी फिरायचं, खड्डा खणायचं, आणि आत्या त्यात बसायची. डेल्मारने चाकावर वजनं लावून पाहिली होती, टायर बदलून पाहिले होते, विनवण्या करून पाहिल्या होत्या.

साखळी जोडली. डेल्मारने क्लच सोडला.

बर्था आत्या निघाली. घसरगाडी कुरकुरली, वजन सरकायला लागलं, इंजिनाचा आवाज जाड झाला. निम्मी वाट आली. डेल्मारने सवयीने डोळे मिटले आणि डाव्या चाकाच्या त्या ओळखीच्या भुर्र आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही.

त्याने एक डोळा उघडला. चाक माती धरून चालत होतं! चालणारच. आजवर कधी नव्हे तो डेल्मार टेश सगळ्या देहानिशी डाव्या बाजूला लोंबत होता. आत्याला इतकी वर्षं हवा होता तो भार तिला मिळाला होता, अगदी हवा तिथे, चाकाच्या डोक्यावर.

"वाक, डेल्मार! आणखी वाक!" लव्हर्न कुंपणावर चढून ओरडत होती.

तो आणखी वाकला. त्याचा कान टायरला लागायचा बाकी राहिला. रोलंड पोचला होता तिथली खूण आली, तेव्हा बर्था आत्या घोगऱ्या आवाजात ओरडत होती, पुढची चाकं जमिनीपासून उचलली जात होती. रोलंडचे हात खिशातून बाहेर आले. खूण मागे पडली. आणखी एक हात, आणखी दोन हात, आणि मग घसरगाडी पुरती रुतली, आत्याने एक जोराचा हिसका दिला, पुढची चाकं धपकन खाली आपटली आणि सगळं थांबलं.

"डेल्मार टेश! पहिला!" भोंगा ओरडला.

मैदान उसळलं. डेल्मारच्या छातीत इतक्या वर्षांचं साठलेलं काहीतरी वर आलं, आणि तो सीटवर ताठ होऊन दोन्ही हात आभाळाकडे उंचावून गर्जला.

दोन्ही हात.

डेल्मारने मान वर करून आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तेलाने, लोण्याने आणि मातीने माखलेलं बोट टोमॅटोसारखं लाल होतं, पण हाताला होतं. मग जो गलका झाला तो म्हणे नदीपलीकडच्या गावात ऐकू गेला. लव्हर्न मैदानात धावत आली, तिने ते बोट उलटसुलट करून पाहिलं, त्याची पाची बोटं मोजली, आणि सगळ्या हॅलमदेखत त्याचा मुका घेतला. सोडताना म्हणाली, "लोण्याचा वास येतोय तुझ्या अंगाला."

रोलंड आला. त्याने खूप वेळ बर्था आत्याच्या डाव्या चाकाकडे पाहिलं, मग डेल्मारच्या उजव्या हाताशी हात मिळवला. "चांगली ओढलीस," तो म्हणाला. जाता जाता परत वळला आणि हळू आवाजात विचारलं, "लेका, एक सांग. कोणतं बोट?"

गर्दी मात्र पांगायला तयार नव्हती. ज्यांना उशिरा बातमी कळली होती ते नाराज होते. "निघालं? आत्ताच? आम्ही पार लेकसाइडहून आलोय!" कुणीतरी डेल्मारला परत घालून दाखवायची विनंती केली.

या माणसांतून वाट काढत डॅरिल फिंक पोचले. चषक द्यायला आले होते, पण तो त्यांच्या बगलेतच राहिला. "टेश, हवेचा किल्ला रद्द! ओढ पुढच्या वर्षीही होणार. तीही मोठ्या मैदानावर." ते जवळ सरकले आणि त्यांनी घसा खाकरला. "फक्त एकच. तुझं बोट पुढच्या वर्षीही अडकेल ना?"

डेल्मारचा चेहरा बोटाइतका लाल झाला. "फिंकसाहेब, हा खेळ ट्रॅक्टरांचा आहे! इतकी वर्षं घासून, पुसून, एकेक नट शोधून आम्ही ही यंत्रं जिवंत ठेवली, ती काय लोकांनी माझं बोट बघायला यावं म्हणून? मी स्पष्ट सांगतो—"

"अडकेल," लव्हर्न मध्येच म्हणाली. तिने फिंकांच्या बगलेतून चषक काढून घेतला आणि पदराने पुसावा तसा ब्लाउजच्या टोकाने पुसला. "पण दुपारच्या जेवणानंतर अडकवलं तर चालेल का? सकाळी मला लोणच्याच्या बरण्या पोचवायच्या असतात."