मरून स्वेटरचा तपास

ओवीला कोणी फसवू शकत नाही, असं ओवीचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. दहावीत गेल्यापासून तर तिची नजर इतकी तयार झाली होती, की भाजीवाल्याच्या काट्यापासून वर्गशिक्षिकांच्या 'सहज विचारलं गं'पर्यंत सगळ्यात तिला काळंबेरं दिसायचं. म्हणून बाबाच संशयाच्या घेऱ्यात आले, तेव्हा तिला त्यांच्यासाठी खरोखर वाईट वाटलं.

बाबा म्हणजे शामसुंदर, कस्टमचे एजंट, ऑफिस गंगापूर रोडला. परदेशातून आलेला माल कराच्या यादीत कुठल्या क्रमांकात मोडतो ते ठरवून कागदावर सही करायची, मग सरकार त्यानुसार ड्युटी लावणार. विणलेले कपडे वेगळे, मागावरचे वेगळे, लोकरीचे वेगळे, अ‍ॅक्रिलिकचे वेगळे. बाबा हे सगळं जेवताना रंगात येऊन सांगत आणि घरचे आमटीत बघत. परवाही त्यांनी सांगितलं होतं, की हर्षलशेठच्या स्वेटरांचा कंटेनर आलाय, शुक्रवारी सही करायचीय, आणि क्रमांक चुकला तर लायसन्सच जाईल.

"कोशिंबीर सरकवता का?" आई म्हणाली होती.

तर गुरुवारी सकाळी ओवीने दाराच्या फटीतून पाहिलं. बाबांसमोर टेबलावर एक मरून स्वेटर पसरलेला. बायकांचा! बाबा भिंगातून त्याचे टाके मोजत होते. मग त्यांनी तो स्वतःच्या छातीला लावला, बटणं लावली, काढली, बायकांच्या कपड्यांसारखी उजवी बाजू डावीवर येते का ते पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. नंतर वर्तमानपत्रात गुंडाळून तो फायलींच्या मागे दडवला आणि ऑफिसला गेले.

ओवीने थेट स्वयंपाकघर गाठलं.

"आई, बाबांचं काहीतरी चाललंय."

"त्यांचं कायम काहीतरी चाललेलं असतं."

"त्यांच्याकडे एका बाईचा स्वेटर आहे. भिंगातून बघत होते."

आईच्या हातातलं लाटणं थांबलं. "कुठल्या बाईचा?"

"तेच तर शोधायचंय."

दोघींनी पुडकं सोडलं. ओवीने आधी वास घेतला. "सेंट नाहीये. गोदामाचा वास येतोय."

"मग गोदामात कामाला असेल," आई म्हणाली. तिने स्वेटर उलटासुलटा केला, खांद्याची शिवण ताणून बघितली, शेवटी आरशासमोर अंगाला लावला. अगदी मापात. आईचा चेहरा हळूहळू बदलला. "अगं वेडे, रविवारी आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे."

"बाबांनी आजवर काय दिलंय वाढदिवसाला?"

"मिक्सर."

"मग?"

"माणूस सुधारतो कधीकधी," आई म्हणाली, पण नजर अजून शिवणीवरच होती.

आता आमच्याकडच्या कित्येक घरांसारखा ओवीच्या घरीही कोरोनापासून एक नियम होता: बाहेरून आलेला कपडा गरम पाण्यातून काढल्याशिवाय अंगाला लावायचा नाही. आईने मशीनचा काटा सगळ्यात गरमवर फिरवला. उद्या पुन्हा गुपचूप फायलींमागे ठेवून देऊ, असं ठरलं.

मशीनने जे बाहेर दिलं, ते देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला जरा सैल झालं असतं, इतकंच.

शुक्रवारी सकाळी बाबांनी सगळ्या फायली जमिनीवर काढल्या. ओवी दारात हाताची घडी घालून उभी.

"काय शोधताय बाबा? कोणाची आठवण वगैरे?"

"नमुना! हर्षलशेठच्या मालाचा नमुना होता इथे. आत्ता कस्टमच्या साहेबांना दाखवायचाय, मग सही."

तेवढ्यात कळवणचे हर्षलशेठ गाडी लावून आत आले. आईने तळहातावर स्वेटर पुढे केला. बाबा फायलींवरच बसले.

हर्षलशेठ निरखून म्हणाले, "साहेब, हा माझा माल नाय. माझा लय मोठा होता."

"धुतलाय," आई म्हणाली.

"मग ताणून वाळवा वहिनी, वाढंल."

बाबा मात्र आता काहीच ऐकत नव्हते. त्यांनी स्वेटर नाकाजवळ नेला आणि सावकाश मान वर केली. "हर्षलशेठ, कागदावर काय लिहिलंय?"

"अ‍ॅक्रिलिक. लेबलवर बी तेच हे."

"अ‍ॅक्रिलिक असा आटत नाही. आटते ती लोकर."

सगळ्यांनी हर्षलशेठकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता? मी अ‍ॅक्रिलिकचीच ऑर्डर दिलीय. आईशप्पथ."

बाबांनी एक धागा ओढून गॅसवर धरला. घरभर केस जळाल्यासारखा वास सुटला. लोकरच! परदेशातल्या व्यापाऱ्याने दुसऱ्याच कोणाचा माल अ‍ॅक्रिलिकचं लेबल लावून यांच्या खोक्यांत कोंबला होता. हर्षलशेठ त्याला फोन लावायला अंगणात पळाले.

"आज मी अ‍ॅक्रिलिक म्हणून सही ठोकणार होतो," बाबा हळू आवाजात म्हणाले. "लायसन्स गेलंच होतं. आता नवा नमुना मागवून, तपासूनच सही."

"म्हणजे मी संशय घेतला म्हणून वाचलात तुम्ही," ओवी म्हणाली.

"शाबास. पण संशय नक्की कसला घेतला होतास?"

ओवीला अचानक क्लासची आठवण झाली.

"मी काय म्हणते," आई म्हणाली, "रविवारसाठी नव्हता तर हा?"

इतक्या वर्षांत बाबांनी कुठल्याही कागदावर एक शब्द खोटा लिहिला नव्हता. त्यांनी आईकडे पाहिलं, मग त्या चिमुकल्या स्वेटरकडे पाहिलं.

"तुझ्यासाठीच होता गं."

आईने टेबलावरचं त्यांचं सहीचं पेन उचलून त्यांच्यासमोर धरलं. "लिहून द्या."

बाबांनी टोपण काढलं, क्षणभर विचार केला, आणि परत लावलं.