चिंधूबाबांची जमा बंदूक

कुठेही खून झाल्याची बातमी सांगा, चिंधूबाबा मेलेल्याचं नाव विचारायचे नाहीत. "परवान्याची का बिनपरवान्याची?" एवढंच विचारायचे. एकदा मी म्हटलं, "बाबा, कोयत्यानं मारलाय." तर म्हणाले, "मंग कोयत्याला कोन परवाना का नाय मागत?"

डोळखांबच्या बाजूला आमच्या पाड्याच्या टोकाला त्यांचं घर. मी चार घरं अलीकडे राहणारा, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. बाबांकडे वडिलांपासून चालत आलेली ठासणीची बंदूक होती, पीक राखायच्या परवान्याची. पाड्यात परवाना असलेला हा एकच माणूस, त्यामुळे ऐट कलेक्टरची. बंदूक मात्र अशी, की नळीत दारू ठासा, छर्रे ठासा, वर चिंधी ठासा, तोवर डुक्कर पोटभर भात खाऊन रानात परत गेलेलं असायचं.

माझा पेपर शिळा झाला की बाबा तो न्यायचे आणि खुनाच्या बातम्या कापायचे. परवानावाल्या एका खोक्यात, बिनपरवानावाल्या दुसऱ्यात. ह्याला ते 'अभ्यास' म्हणत. निष्कर्ष ठरलेला: "परवाना काढनारा मानूस कागदाला भितो, गुरुजी. कागदाला भिनारा खून नाय करत." मी म्हणायचो, रागाच्या भरात हाताला काय लागतं त्यावर सगळं असतं, बंदुका कमी, तर मढी कमी. हा वाद त्यांच्या ओट्यावर वर्षानुवर्षं चालला. मी मास्तर असल्यामुळे हरलो तरी जिंकल्यासारखा उठायचो.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलिसांकडे जमा कराव्या लागतात. आणि आपल्याकडे निवडणुकांना खाडा नाही. बाबा बंदूक काशीबाईच्या, म्हणजे बायकोच्या, जुन्या लुगड्यात गुंडाळून जीपनं न्यायचे. अर्ज लिहायला मी बरोबर. दर वेळी हवालदाराला विचारायचे, "सायेब, डुकरांना आचारसंयता लागू हाय का?" हवालदार हसायचा, मीही हसायचो. गेल्या वेळी काशीबाई जाऊन दोन महिने झाले होते. भात कापणीला आलेलं. बाबांनी काहीच विचारलं नाही, लुगडं सोडून बंदूक टेबलावर ठेवली आणि बाहेर येऊन बसले. मला वाटलं, म्हातारा दमला.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावात हळद होती. डीजे लागला, आणि एका पुढाऱ्याच्या पोरानं कमरेचं पिस्तूल काढून हवेत बार काढले. ते जमा करायला कुणी सांगितलं नव्हतं, कारण जे कागदावरच नाही ते जमा कसं होणार? लोक शिट्या मारत होते. मीही त्या मांडवात मटण खाऊन आलो, उगाच खोटं कशाला बोलू? इकडे डुकरांनी बाबांचं शेत झोपवलं. पुढाऱ्याच्या मांडवात कायदा जेवायला बसतो आणि जीप करून येणाऱ्या म्हाताऱ्याकडून मात्र तीन प्रतींत अर्ज घेतो. हा मुद्दा बाबांच्या बाजूचा होता. पण ते वाद घालायला आले नाहीत.

निकाल लागला. बंदूक घेऊन जा, म्हणून माझ्या मोबाईलवर तीनदा फोन आला. बाबा आज गुडघा म्हणायचे, उद्या बाजार. शेवटी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"चला उद्या. नाहीतर परवाना जाईल."

"जाऊ दे."

मला चेव आला. म्हटलं, "म्हणजे माझं पटलं तर! बंदुका कमी, तर मढी कमी."

बाबा म्हणाले, "काशी गेल्यावर एक दिवस दुपारी मी बार ठासला, गुरुजी. डुक्कर नव्हता. शेतात पन नव्हतो मी. घरातच व्हतो, कवाड लावून. किती टाइम बसलो, ठावं नाय. मंग शेळी वरडाय लागली पान्याला, म्हनून उठलो."

वाद जिंकल्याची इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. त्या दुपारी मी चार घरांवर पंख्याखाली पेपर वाचत पडलो असेन.

"मला हाक का नाही मारलीत?"

"काय सांगून मारू? पोरगा कल्यानला, त्याला फोन केला तर म्हनतो टाइम नाय. तुमी तर परके."

दुसऱ्या दिवशी आम्ही परवाना परत करायला गेलो. अर्ज मीच लिहायला घेतला. 'कारण' लिहायची वेळ आली तेव्हा बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "लिवा, राखनारा एकटाच हाय."

मी तसंच लिहिलं. हवालदारानं वाचलं आणि कागद परत सरकवला. "मास्तर, हे काय कारण झालं? नीट लिहा."

मी ते खोडलं आणि वर लिहिलं: वय झाल्यामुळे.