सासऱ्यांचे दोन्ही पाय

नवा कॅमेरा किती भारी आहे हे जावईबापूंनी आधी बायकोला सांगितलं, मग शेजाऱ्यांना, आणि शेवटी ज्याने तो विकला त्या दुकानदारालाच पुन्हा जाऊन सांगितलं. माशीच्या मिशा मोजता येतील, असं त्यांचं म्हणणं होतं. माशीला मिशा असतात का, हे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या त्यांच्या बायकोने विचारलं नाही. तिने एवढंच समजावलं, की रिझोल्यूशन म्हणजे एकेक चित्र किती बारकाव्याचं, आणि फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला अशी चित्रं किती. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

"मग दोन्ही सगळ्यात जास्त ठेवू," जावईबापू म्हणाले. "हात आखडता कशाला?"

"काय टिपायचंय त्यावर असतं ते."

"तुझ्या बाबांना टिपायचंय."

ती पुन्हा वह्या तपासायला लागली. आपण तेव्हाच बोलायला हवं होतं, असं तिला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

जावईबापूंचा हेतू सरळ होता. सासऱ्यांनी लग्नापासून त्यांचं एकदाही कौतुक केलं नव्हतं. एकदा त्यांनी भिंतीत ठोकलेला खिळा पाहून सासरे "हं" म्हणाले होते, आणि ते "हं" जावईबापूंनी अजून मनात जपून ठेवलं होतं. आता ज्येष्ठ मंडळींची चालण्याची शर्यत आली होती. पळायचं नाही, चालायचं. कुठल्याही क्षणी एक पाय जमिनीवर हवाच, हा तिचा एकुलता एक नियम. तिच्यात दर वर्षी बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब पहिले येत आणि सासरे दुसरे. ते दुसरेपण सासऱ्यांना वर्षभर पचत नसे.

या वर्षी सासरे जिंकले. अगदी वीतभर अंतराने, पण जिंकले. आणि शेवटच्या रेषेपाशी तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा लावून जावईबापू उभे होते. सेकंदाला एकशेवीस चित्रं!

संध्याकाळी सासऱ्यांनी सगळ्यांना चहाला बोलावलं. मॅनेजरसाहेबांना तर दोनदा फोन करून बोलावलं आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसवलं. शेजारी शर्यतीचे पंच बसले. ते पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे, आणि चहाचा कपही सावधान स्थितीत धरायचे.

"आता सगळं पाचपट सावकाश दिसेल," जावईबापूंनी जाहीर केलं.

सासरे पडद्यावर आले. छाती पुढे, कोपर चाकासारखे, गालांना लाटा. पाऊल उचललं गेलं. दुसरंही उचललं गेलं. पहिलं अजून टेकायचं होतं. सासरे जमिनीपासून दोन बोटं वर, दोरीवर वाळत घातलेल्या पायजम्यासारखे तरंगत राहिले.

"जरा थांबवा तिथे," मॅनेजरसाहेब गोड आवाजात म्हणाले.

चित्र हवं तिथे थांबवता येतं याचा जावईबापूंना फार अभिमान होता. त्यांनी ते थांबवलं. मग त्यांच्या लक्षात आलं.

"डोळ्यांना नव्हतं दिसलं कुणाच्या," सासरे म्हणाले.

"आता दिसतंय," मॅनेजरसाहेब म्हणाले.

हा कॅमेऱ्याचा दोष असेल, असं जावईबापू म्हणाले, ज्या कॅमेऱ्याबद्दल त्यांनी अख्खी गल्ली पिडली होती त्याच्याबद्दल. मग त्यांनी टीव्हीवरचं रिझोल्यूशन खाली आणलं. सासऱ्यांचा चेहरा सारवल्यासारखा पुसट झाला, मिशी गेली, कान गेले, पण पाय होते तिथेच, हवेत. बायको हळूच म्हणाली, "अरे, त्याने फक्त चित्र धूसर होतं. पाय खाली येत नाहीत."

पंचांनी कप खाली ठेवला. नियम तो नियम, म्हणाले, चषक दुसऱ्या नंबरला द्यावा लागेल. मॅनेजरसाहेब उठून शर्ट नीट करू लागले.

आता जावईबापू इरेला पेटले. त्यांनी रिझोल्यूशन पुन्हा पार वर नेलं आणि चित्राचा मागचा कोपरा मोठा केला. मिशाच मोजायच्या तर सगळ्यांच्या मोजू! मागे मॅनेजरसाहेब होते, आणि त्यांचेही दोन्ही पाय हवेत होते. तेही चांगले चार बोटं. मॅनेजरसाहेब खाली बसले. त्यांच्यामागचे तिसरे, चौथे, सगळेच बेडकांसारखे अधांतरी निघाले.

"मग जमिनीवर होतं तरी कोण?" पंचांनी वैतागून विचारलं.

जावईबापूंनी चित्र डावीकडे सरकवलं आणि पुन्हा चालू केलं. कडेला हिरव्या चपला दिसल्या. टाच टेकते, मग दुसरा पाय उचलतो. पुन्हा टाच, पुन्हा पाय. एकदाही चूक नाही. चपलांच्या वर सासूबाई होत्या. त्यांच्या हातात चष्म्याचं घर होतं, आणि त्या सासऱ्यांच्या हातभर आधी रेषा ओलांडत होत्या.

"ती चष्मा द्यायला आली होती," सासरे म्हणाले. "मी विसरलो होतो घरी. ती शर्यतीत नव्हती."

"वहिनी, निघालात कुठून तुम्ही?" पंचांनी विचारलं.

निघाल्या होत्या सुरुवातीच्या रेषेपासूनच, पण सगळे गेल्यावर. आधी घराला कुलूप लावायचं होतं. मग यांना हाका मारत मागे आल्या. हे थांबेनात, म्हणून पुढे जाऊन वळून चष्मा द्यायचं ठरवलं.

पंचांनी टेबलावरचा चषक उचलून सासूबाईंच्या हातात दिला. त्यांना काही कळेना.

"अहो, तेव्हा शर्यत चालू होती होय?" त्या सासऱ्यांना म्हणाल्या. "मला वाटलं, माझी हाक ऐकून पळताय."

पळताय हा शब्द ऐकून मॅनेजरसाहेबांना चहाचा ठसका लागला.

तो चषक आता टीव्हीशेजारी असतो आणि सासऱ्यांचा चष्मा त्यात असतो, म्हणजे तो न्यायचा राहत नाही. परवा सासरे जावयांशी महिनाभराने बोलले. पुढच्या वर्षी साधे फोटो काढा, म्हणाले.

"फोटोतही एक क्षण येतोच, बाबा," मुलगी म्हणाली. "तो जमिनीवरचा की हवेतला, ते सांगता येत नाही."

सासऱ्यांनी चषकातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "हं," ते म्हणाले.

जावईबापूंनी चटकन वर पाहिलं. पण ते "हं" मुलीला होतं.