आदर्श कुक्कुटपालन केंद्र, पक्षी वगळून

कैरोच्या दक्षिणेला, फय्यूमजवळच्या गावात, हज करून आलेल्या हाज्जा सनिय्याच्या गच्चीवर चाळीस कोंबड्या होत्या. नवरा गेल्यावर सात पिलांपासून तिने त्या वाढवल्या. त्यांच्यावर मुलगा शिकला, सून आली. पण त्यांना परवाना नव्हता, आणि ही बाब हाज्जाला पहाटेच्या नमाजातही टोचू लागली. म्हणून तिने शेतात शेड बांधली आणि अर्ज घेऊन कचेरी गाठली.

"शेड जवळच्या खुराड्यापासून पाचशे मीटर लांब हवी," परवान्याचे साहेब, उस्ताज शौकी, गंभीरपणे म्हणाले. "तुमची दोनशेवर आहे."

"जवळचं खुराडं कुणाचं?"

"तुमचंच, हाज्जा. गच्चीवरचं."

"मग कोंबड्या शेडमध्ये नेते की!"

"परवान्याआधी? गुन्हा आहे तो. आधी विकून टाका."

"आणि शेडमध्ये काय ठेवू, बाबा? माझी जपमाळ?"

"पक्षी हा पुढचा टप्पा."

कोंबड्या विकल्या. तपासणीत वास नाही, कलकलाट नाही, एक पीस नाही. शेडला 'आदर्श कुक्कुटपालन केंद्र' असं प्रमाणपत्र मिळालं. तळाशी अट होती: पक्षी आणण्यापूर्वी फेरतपासणी आवश्यक, फेरतपासणी पक्ष्यांच्या उपस्थितीत होईल.

प्रमाणपत्र दारावर लागलं, तशा कैरोच्या गाड्या थांबू लागल्या. सगळ्यांना गावठी अंडी हवी होती. पण सगळ्यात पहिली गाडी कचेरीतल्या उस्ताज शौकींची.

"उस्ताज, कोंबड्या तुम्हीच विकायला लावल्यात ना?"

"ते कचेरीतलं. हे घरचं आहे, हाज्जा. तीन डझन द्या."

सून नादराने तोडगा काढला. "आई, कंपनीची बारकी अंडी आणू. वर माती, एखादं पीस."

"हराम आहे, पोरी."

"मग चुलीला काय सांगू? रोजा धर म्हणून?"

हाज्जा जपमाळ घेऊन कोपऱ्यात बसली. धंदा मात्र बसला नाही. वर्षात दुसरी शेड उभी राहिली, मातीसाठी. हाज्जा तिथे पाऊल टाकत नसे.

सुनेच्या नकळत तिने एक लंगडी कोंबडी मात्र पाळली. पंचक्रोशीतली खरी गावठी तेवढीच, आणि बेकायदाही तेवढीच. एका शुक्रवारी तिचं ऊन ऊन अंडं धुऊन हाज्जाने कैरोच्या एका बाईच्या हातावर ठेवलं. "हे अस्सल, मुली. पैसे नकोत."

बाईने ते उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं. "इतकं स्वच्छ? फसवायला आम्हीच भेटलो का, हाज्जा?" मग टोपलीतली माती लागलेली दोन डझन तिने स्वतः निवडून घेतली.

तुमच्या घरी येणाऱ्या गावठी अंड्यांनाही माती असेलच. नसली, तर दुकानदाराला जरूर जाब विचारा.